ऐनवेळी मेमरी मागू नये
(प्रस्तावना)

संगणकातून येणारा आवाज कानाला सलग वाटत असला तरी तो तयार होतो तुकड्यातुकड्याने. साउंड कार्ड सेकंदाला ४८,००० सॅम्पल वाजवत असेल आणि बफर ६४ सॅम्पलांचा ठेवला असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या प्रोग्रामला सेकंदाला ७५० वेळा बोलावते आणि दर खेपेला पुढचे ६४ सॅम्पल मागते. मुदत असते १.३३ मिलिसेकंदांची. तेवढ्यात सॅम्पल मिळाले नाहीत म्हणून साउंड कार्ड थांबत नाही. ते जुनाच तुकडा पुन्हा वाजवते किंवा शांतता वाजवते, लाटेची रेषा मध्येच तुटते आणि ऐकणाऱ्याला ‘टक्’ ऐकू येते. वेब पान वीस मिलिसेकंद उशिरा उघडले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. आवाजाचा तुकडा एक मिलिसेकंद उशिरा आला तरी ते वरातीमागून घोडे. ढोल-ताशाच्या गजरात असा एखादा टक् खपूनही जाईल, पण तंबोऱ्याच्या ॲपमध्ये तो खपत नाही. तंबोऱ्याचा नाद अखंड आणि संथ असतो, त्यात खोट लपायला आडोसाच नसतो, आणि गाणाऱ्याचे सगळे लक्ष त्याच नादावर असते. एवढ्याशा मुदतीत प्रोग्रामरने काय करावे आणि काय करू नये हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि ‘करू नये’च्या यादीत सगळ्यात वर नाव आहे ते आवाज चालू असताना हीपमधून मेमरी मागण्याचे.

हा नियम या क्षेत्रात नवखा माणूस पहिल्या आठवड्यातच ऐकतो. त्याचे कारण मात्र त्याला बहुधा चुकीचे सांगितले जाते. मॅलॉक संथ आहे, म्हणून तो टाळावा, असे सांगतात. मॅलॉक संथ नाही. आजच्या साध्या लॅपटॉपवरही लहानसा तुकडा मागितला तर तो बहुतेक वेळा शंभर नॅनोसेकंदांच्या आत मिळतो, आणि १.३३ मिलिसेकंदांत तेरा लाखांहून अधिक नॅनोसेकंद असतात. वेगाचाच प्रश्न असता तर दर कॉलबॅकमध्ये शंभरदा मेमरी मागूनही काही बिघडले नसते. अडचण आहे ती ‘बहुतेक वेळा’ या दोन शब्दांत. मॅलॉक सरासरी किती वेळ घेतो हे मोजता येते. जास्तीत जास्त किती घेईल याची हमी कुणीच देत नाही, आणि मुदतीत काम करणाऱ्याला सरासरीचा काडीचाही उपयोग नसतो. म्हणून मेमरी न मागण्याची ही शिस्त वेग वाढवण्याची क्लृप्ती समजून शिकली तर अर्धवट शिकली जाते. किती आवाज एकदम वाजतील, प्रतिध्वनी किती सेकंदांपर्यंत लांबेल, किती संदेश रांगेत थांबतील, या प्रश्नांची उत्तरे आवाज सुरू होण्याआधीच द्यायला ती लावते. प्रोग्रामच्या मर्यादा कोण ठरवणार आणि कधी, हा तिच्यातला मूळ प्रश्न आहे.

मॅलॉकच्या आत डोकावले की हमी का मिळत नाही ते दिसते. मागणी आली की तो आधी त्याच थ्रेडच्या खासगी साठ्यात योग्य आकाराचा तुकडा पाहतो. तिथे मिळाला तर काम झटपट उरकते. नाही मिळाला तर सामायिक साठ्याकडे जावे लागते आणि त्या साठ्याला लॉक असतो. समजा, नेमके त्याच क्षणी खिडकीतले बटण रंगवणाऱ्या, कमी प्राधान्याच्या थ्रेडने तो लॉक धरला आहे आणि ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला मधेच बाजूला करून तिसऱ्याच कुणाला प्रोसेसर दिला आहे. मग ऑडिओचा थ्रेड, ज्याचे प्राधान्य सगळ्यांत वरचे, तो बटण रंगवणाऱ्याची वाट पाहत बसतो. प्राधान्याची ही उलटापालट १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाच्या संगणकालाही भोवली होती. तो पुन्हा पुन्हा रीसेट होत राहिला. लॉक धरणाऱ्याला तेवढ्यापुरते वरचे प्राधान्य देण्याची सोय चालू करून तो दोष पृथ्वीवरून दुरुस्त केला गेला. सर्वसाधारण मॅलॉकच्या आतल्या लॉकना ही सोय नसते. शिवाय साठाच संपला असेल तर कर्नलकडे हात पसरावा लागतो, आणि कर्नलला आपल्या १.३३ मिलिसेकंदांचे सोयरसुतक नसते.

इथे एक बारकावा आहे, आणि तो पुस्तके सहसा गाळतात. लिनक्सवर मोठा तुकडा मागितला की कर्नल लगेच देतो तो केवळ पत्ता. प्रत्यक्ष मेमरीचे पान त्या पत्त्यावर पहिल्यांदा हात लावला जाईल तेव्हा मिळते. दहा सेकंदांची डिले लाइन घ्या. ४,८०,००० सॅम्पल, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे १९,२०,००० बाइट. ४,०९६ बाइटांच्या पानांचा हिशेब धरला तर ४६९ पाने. प्रोग्रामरने ही मेमरी आवाज सुरू होण्याआधीच मागून ठेवली आहे, नियम पाळला आहे, तो निर्धास्त आहे. कॉलबॅक दर खेपेला ६४ सॅम्पल, म्हणजे २५६ बाइट, त्या लाइनमध्ये लिहितो. सोळा खेपांत एक पान भरते. म्हणजे दर २१ मिलिसेकंदांनी ऑडिओचा थ्रेड नव्या पानावर पाऊल टाकतो, पेज फॉल्ट होतो आणि कर्नल आत शिरतो. एरवी हे काम चटकन होते. पण मशीनची मेमरी भरत आली असेल तर नवे पान द्यायला कर्नलला आधी दुसऱ्या कुणाचे तरी पान काढून घ्यावे लागते. गंमत अशी की दहा सेकंदांनी सगळी पाने हाताखालून गेली की त्रास आपोआप थांबतो. फक्त पहिल्या दहा सेकंदांत आणि तेही एखाद्याच्याच मशीनवर ऐकू येणारा हा टक् शोधताना माणूस बेजार होतो. म्हणून आधी मागणे पुरत नाही. मागितलेल्या प्रत्येक पानावर आधीच काहीतरी लिहून ठेवावे लागते, आणि ते बाहेर टाकले जाऊ नये म्हणून एमलॉकसारख्या कॉलने जखडावेही लागते.

हा प्रश्न संगणकीय संगीताइतका जुना नाही. १९५७ मध्ये बेल लॅबच्या मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ वर पहिला ‘म्युझिक’ प्रोग्राम चालवला तेव्हा मुदत ही गोष्टच नव्हती. सॅम्पल आधी सावकाश काढायचे आणि आवाज मागाहून ऐकायचा. त्याच बेल लॅबमध्ये केनेथ नोल्टन यांनी १९६५ मध्ये बडी पद्धतीच्या मेमरी वाटपाचे वर्णन प्रसिद्ध केले, पण या दोन कामांची गाठ पडण्याचे तेव्हा काही कारण नव्हते. पुढे तत्काळ आवाज हवा झाला तेव्हा त्यासाठी खास यंत्रे बांधली गेली. पॅरिसच्या इर्कॅममधले ज्युझेप्पे दि जुन्यो यांचे ४एक्स हे त्यांतले नाणावलेले यंत्र. बुलेझ यांचे ‘रेपों’ त्यावर वाजले. अशा यंत्रांत हीप नावाचा प्रकारच मुळात नगण्य होता. नव्वदच्या दशकात साधे संगणक पुरेसे वेगवान झाले आणि चित्र पालटले. मिलर पकेट यांचे प्युअर डेटा, जेम्स मॅकार्टनी यांचे सुपरकोलायडर आणि स्टाइनबर्ग कंपनीची व्हीएसटी प्लगइन ही सगळी १९९६ च्या आसपासची. ड्रायव्हरशी थेट बोलणारे एएसआयओ १९९७ चे. संगीताचे काम सर्वसाधारण संगणकावर आले, त्याबरोबर सर्वसाधारण प्रोग्रामिंगच्या सवयीही आल्या. लागेल तेव्हा मागावे, झाले की परत करावे, ही त्यांतली पहिली सवय.

मेमरी वाटपाचा अभ्यास करणाऱ्यांचे लक्ष तोवर दुसरीकडे होते. एकूण कामाचा वेग आणि मेमरीची विखुरण हे त्यांचे दोन विषय. पॉल विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये केलेला प्रदीर्घ आढावा प्रामुख्याने याच दोन प्रश्नांभोवती फिरतो. मुदतीचे शास्त्र लिऊ आणि लेलँड यांच्या १९७३ च्या निबंधापासून वेगळ्याच वाटेने वाढत होते. विमाने, मोटारी आणि अंतराळयाने यांसाठी लिहिणाऱ्यांनी या दोहोंची सांगड घालून कडक नियम केले. एफ-३५ विमानासाठी २००५ मध्ये निघालेले सी++ चे नियम आणि नासाच्या जेपीएलमधल्या जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये मांडलेले दहा नियम, दोन्हींत सुरुवातीची जुळवाजुळव संपल्यावर हीपला हात लावायला मनाई आहे. मोटारींसाठीचे मिस्राचे सी नियम तर हीप मुळात वापरूच नका म्हणतात. संगीतवाल्यांनी ही नियमावली पाहून शिस्त आणली असे मात्र झाले नाही. त्यांनी ती टक् ऐकून ऐकून स्वतःच पुन्हा शोधली, आणि मग मेलमधून, परिषदांतल्या भाषणांतून एकमेकांना सांगितली. रॉस बेन्सिना यांचा २०११ चा लेख आजही नवख्यांच्या हाती दिला जातो तो त्यामुळेच.

या शिस्तीचे आज चार पंथ आहेत. सगळ्यात कर्मठ पंथ म्हणजे सारे आधी ठरवा. ल्योनच्या ग्रामे संस्थेत २००२ पासून वाढलेली फाउस्ट भाषा या पंथातली: तिच्यात लिहिलेल्या प्रोग्रामला किती मेमरी लागेल हे कंपायलरलाच कळते, कारण डिले लाइनची कमाल लांबी सांगितल्याशिवाय तो पुढे सरकतच नाही. दुसरा पंथ तुकड्यांचा साठा करणाऱ्यांचा. सिंथेसायझरमध्ये बत्तीस स्वरांची जागा आधी राखायची आणि तेहतिसावी पट्टी दाबली की सर्वांत जुना किंवा सर्वांत क्षीण स्वर बंद करून त्याची जागा नव्याला द्यायची. कुठला स्वर बंद करावा हा निर्णय दिसायला तांत्रिक, प्रत्यक्षात सौंदर्यदृष्टीचा आहे, आणि दोन वाद्यांच्या स्वभावातला फरक पुष्कळदा इथेच असतो. तिसरा पंथ म्हणतो, मेमरी खुशाल मागा, पण आपल्याच वाटपकाराकडे मागा. सुपरकोलायडरचा सर्व्हर सुरू होतानाच एक मोठा साठा बाजूला काढतो, सर्वसाधारणपणे ८,१९२ किलोबाइटांचा, आणि चालू आवाजातल्या मागण्या त्यातूनच भागवतो. या साठ्याला एकच थ्रेड हात लावतो, म्हणून लॉक नको. कर्नलही मध्ये येत नाही. साठा संपला की सर्व्हर तसे स्पष्ट सांगतो आणि तो वाढवून घ्यायला सुचवतो. व्हॅलेन्सियातल्या संशोधकांनी २००४ मध्ये टीएलएसएफ हा वाटपकार मांडला. त्यात तुकडा देण्याचा आणि परत घेण्याचा वेळ साठा कितीही भरलेला असला तरी ठराविक मर्यादेत राहतो. वेळेची हमी त्यामुळे मिळते. मेमरी पुरेलच याची मिळत नाही, कारण विखुरण आपल्या जागी असतेच, आणि कमाल मागणी किती याचे उत्तर शेवटी माणसालाच द्यावे लागते.

चौथा पंथ कामाची वाटणी करणाऱ्यांचा, आणि आजचे बहुतेक व्यावसायिक सॉफ्टवेअर त्यावर चालते. मागायचे काम दुसऱ्या थ्रेडने करावे आणि तयार वस्तूचा पत्ता लॉक नसलेल्या रांगेतून ऑडिओच्या थ्रेडकडे सरकवावा. यातला अवघड भाग परतीचा. मागणे धोक्याचे हे पटकन पटते. सोडणेही तितकेच धोक्याचे, हे विसरले जाते. फ्री करतानाही लॉक लागतो, शेजारचे मोकळे तुकडे जोडले जातात, प्रसंगी कर्नलला मेमरी परत केली जाते. सुपरकोलायडरमध्ये नव्या बफरची आज्ञा आली की मेमरी मागायचे काम मुदत नसलेल्या थ्रेडवर होते, मग ऑडिओच्या थ्रेडवर फक्त जुन्या-नव्या पत्त्यांची अदलाबदल, आणि जुन्याची विल्हेवाट पुन्हा पहिल्या थ्रेडवर. सी++ मधले शेअर्ड पॉइंटर वापरणारे इथे हमखास फसतात. शेवटची मालकी नेमकी ऑडिओच्या थ्रेडवर सुटली तर डिस्ट्रक्टर आणि डिलीट तिथेच चालतात, आणि कोडमध्ये डिलीट हा शब्द कुठे दिसतही नाही.

न दिसणारी मागणी हा या भाषेचा स्वभावच आहे. मराठी प्रोग्रामरच्या कामी येईल असे एक उदाहरण देतो. जीसीसीबरोबर येणाऱ्या लायब्ररीत स्ट्रिंग पंधरा बाइटांपर्यंत स्वतःच्या पोटात मावते; त्यापुढे ती हीपकडे जाते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘तबला’ या नावात चार चिन्हे, बारा बाइट, ते मावते. ‘तंबोरा’मध्ये अनुस्वार आणि मात्रा धरून सहा, म्हणजे अठरा बाइट. त्या नावाची प्रत कॉलबॅकमध्ये घेतली की मेमरी मागितली गेलीच. तेच नाव रोमन लिपीत सात बाइटांत बसते, त्यामुळे इंग्रजी नावे देऊन केलेल्या चाचणीत हा दोष सापडणार नाही. कॉलबॅकमध्ये स्ट्रिंग वापरूच नये हे खरे, पण ज्याला ते पटलेले नसेल त्याला पटवायला एवढा पुरावा पुरे.

या सगळ्यावर आक्षेप आहेत, आणि ते फालतू नाहीत. पहिला अनुभवाचा: आम्ही कॉलबॅकमध्ये मेमरी मागतो, तासन्‌तास वाजवून पाहिले, काही झाले नाही. सेकंदाला ७५० या दराने तीन तासांच्या मैफलीत ८१ लाख कॉलबॅक होतात. दहा लाखांत एकदा होणारा उशीर टेबलावरच्या दहा मिनिटांच्या चाचणीत दिसण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी, मैफलीत मात्र तो सरासरीने आठ वेळा येईल. आणि मैफलीच्या लॅपटॉपवर शेजारी आणखी दहा प्लगइन चालू असतात. दुसरा आक्षेप नूथ यांच्या आधाराने येतो: अवेळी केलेले ऑप्टिमायझेशन घातक. ते वेगाबद्दल खरे आहे. इथे वेगासाठी काहीच केले जात नाही. मर्यादा आखल्या जातात, आणि नंतर आखायच्या म्हटल्या तर सगळा आराखडा मोडावा लागतो. तिसरा आक्षेप, बफर मोठा करा. रेकॉर्ड केलेले मिसळताना जरूर करावा. १,०२४ सॅम्पलांना २१ मिलिसेकंद मिळतात. पण तबलजीने पॅडवर थाप मारली आणि आवाज २१ मिलिसेकंदांनी आला तर त्याची लय बिघडते. चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: आधीच मर्यादा आखणारे सॉफ्टवेअर कोते होते, वापरणाऱ्याला काय सुचेल हे लिहिणाऱ्याने का ठरवावे? याला पुरते उत्तर नाही. प्युअर डेटासारख्या वातावरणात लोक वाजवता वाजवता नवे जोडतात आणि तेवढ्यापुरता एखादा टक् सोसतात; तो त्यांचा निवडीचा हक्क आहे. चूक होते ती ही निवड न करता, नकळत, दोन्हींकडचे तोटे पदरात घेण्यात. मर्यादा नसलेले सॉफ्टवेअर असे काही नसतेच. मशीनची मर्यादा असते, आणि ती आपण आखली नाही तर ऐन सादरीकरणात मशीन आखून देते.

हे आत्ताच का सांगायचे, यालाही कारणे आहेत. ब्राउझरमधला ऑडिओ वर्कलेट आता १२८ सॅम्पलांच्या तुकड्यांनी चालतो आणि त्यात जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्याला केव्हाही सुरू होणाऱ्या कचरासफाईशी सामना करावा लागतो. प्लगइनमध्ये न्यूरल नेटवर्क आली आहेत. ती चालवणाऱ्या लायब्ऱ्या सर्व्हरवरच्या कामासाठी लिहिलेल्या असतात आणि आतल्या आत बेधडक मेमरी मागतात. दुसरीकडे साधनेही पहिल्यांदाच हाताशी आली आहेत. लिनक्सचा रिअलटाइम पॅच वीस वर्षे बाहेर राहून २०२४ मध्ये मुख्य कर्नलमध्ये दाखल झाला. मार्च २०२५ मध्ये आलेल्या क्लँगच्या विसाव्या आवृत्तीत रिअलटाइम सॅनिटायझर आहे: फंक्शनवर ‘नॉनब्लॉकिंग’ची खूण केली की त्याच्या पोटात कुठेही मॅलॉक किंवा लॉक आला तर प्रोग्राम तिथेच थांबतो आणि कुठून आला ते दाखवतो. इतकी वर्षे जे कोड वाचून हेरावे लागत होते ते आता यंत्र पकडते. यंत्राला सांगता येत नाही ते एवढेच, की पकडल्यावर त्या जागी काय करावे.

नेमके ते सांगण्याचा प्रयत्न या पुस्तकात आहे. पाककृतींच्या पुस्तकासारखी ‘हे वापरा, ते वापरू नका’ अशी यादी देण्याचे त्यात टाळले आहे. प्रत्येक रचना घेताना तिची कमाल मागणी कशी काढावी, ती कुणी ठरवावी आणि ती ओलांडली गेली तर आवाजाचे काय व्हावे, हे तीन प्रश्न सतत विचारले आहेत. उदाहरणे सी++ मध्ये आहेत, साध्या लॅपटॉपवर चालणारी आहेत, आणि फिल्टर किंवा एफएफटीचे गणित त्यात मुद्दाम ठेवलेले नाही. त्यासाठी चांगली पुस्तके आधीपासून आहेत. सी येणाऱ्या आणि पॉइंटरला न घाबरणाऱ्या वाचकाला ते जड जाणार नाही. रस्ट वापरणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल, कारण रस्ट मेमरीची मालकी सांभाळते, पण ती सोडण्याची वेळ चुकीच्या थ्रेडवर आली तर अडवत नाही.

वाचकाला एक विनंती. पहिले प्रकरण उघडण्याआधी लिनक्सवर क्लँगची विसावी किंवा नंतरची आवृत्ती घ्यावी, आपल्याच एखाद्या जुन्या प्रोग्रामच्या ऑडिओ कॉलबॅकवर नॉनब्लॉकिंगची खूण करावी, सॅनिटायझर लावून तो चालवावा आणि जी ओळ पहिल्यांदा अडेल ती लिहून ठेवावी. पुस्तक त्या ओळीच्या विषयापासून वाचायला घेतले तरी चालेल.